कानाच्या कडेवरचा थेंब

"मांजरालाही शुगर होते का हो?" हा पहिला प्रश्न. होते, असं सांगितलं की लगेच दुसरा येतो: "आमच्या आईचं शुगरचं मशीन आहे घरात. त्याच्यावर मांजराची पाहिली तर चालेल?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' आहे. पहिलं सरळ आहे. दुसऱ्याला अटी आहेत, आणि हे प्रकरण मुख्यतः त्या अटींचं आहे.

बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा आहे. अशा गावातून पाहिलं तर दुसऱ्या प्रश्नाचं वजन कळतं. गावाकडच्या पशुवैद्यकाचा दिवस गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांत जातो. लाळ्या-खुरकुताची लस, अडलेलं वासरू, पोटफुगी ही त्यांची रोजची कामं. मांजराच्या रक्तातली साखर क्वचितच त्यांच्यापर्यंत पोचते. मोठ्या तपासण्यांसाठी अकोल्याला माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे. पण खामगावमार्गे अकोल्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि शुगरच्या मांजराला इन्सुलिन बहुधा दिवसातून दोनदा लागतं. रोगाचं निदान, इन्सुलिनची निवड आणि पहिला डोस हे डॉक्टरांचंच काम. त्यानंतरचे दिवस मात्र घरच्यांनाच निभवायचे असतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. घरच्या मशीनचा पहिला उपयोग इन्सुलिन कधी द्यायचं नाही, हे कळण्यासाठी आहे. डोस कमी-जास्त करणं त्यानंतर.

१. नेमकं काय बिघडतं?

खाल्लेल्या अन्नातून रक्तात ग्लुकोज उतरतं. ते स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं, आणि इन्सुलिन स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशी तयार करतात. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या 'टाइप टू'च्या जवळचा असतो. सुरुवातीला इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग जास्त इन्सुलिन करता करता त्या पेशी थकतात, आणि त्यांच्याभोवती अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. कुत्र्याचं असं नसतं. त्याच्या शरीरातलं इन्सुलिन जवळपास संपलेलंच असतं, म्हणून त्याला ते बहुधा आयुष्यभर टोचावं लागतं. मांजराच्या बाबतीत सुटकेची वाट असते; तिच्याबद्दल पुढे बोलू.

हा रोग जास्त करून मध्यम वय उलटलेल्या, वजन वाढलेल्या मांजरांना होतो. त्यातही नसबंदी झालेले बोके पुढे असतात. खाजेसाठी किंवा दम्यासाठी वारंवार दिलेल्या स्टिरॉइडमुळेही शुगर वर जाते. म्हणून 'याआधी कोणती इंजेक्शनं झाली?' असं डॉक्टरांनी विचारलं तर आठवून नीट सांगा.

खाण्याचाही संबंध आहे. मांजराचं शरीर उंदीर आणि पाखरं पचवायला घडलेलं आहे, म्हणजे प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्ट पदार्थ नावाला. त्याला गोड चवही कळत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं, की गोड चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी झालेलं आहे. पेढ्याला तोंड लावणारं मांजर खव्यातल्या स्निग्धपणाला भुललेलं असतं, साखरेला नाही. आपल्याकडे मात्र मांजराचं जेवण म्हणजे दूधपोळी. शेतात हिंडून उंदीर मारणाऱ्या मांजराला ती वरकड म्हणून खपून जाते. दिवसभर पलंगावर झोपणाऱ्या गलेलठ्ठ बोक्याला तीच दोन वेळा घातली, तर त्याच्या पोटात जातं ते मुख्यतः गव्हाचं पीठ आणि दुधातली साखर.

लक्षणं ओळखू येण्यासारखी असतात. मांजर मोरीतल्या बादलीत तोंड घालून पाणी पीत राहतं. लघवी जास्त होते, आणि ती जिथे होते तिथे मुंग्या लागतात. आपल्या जुन्या वैद्यांनी मधुमेहाची हीच खूण हेरली होती. खाणं वाढलेलं असतं, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरं मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून, बसकं चालू लागतात. शुगरने नसांवर परिणाम झाल्याचं ते लक्षण आहे, आणि शुगर ताब्यात आली की पुष्कळदा ते हळूहळू सुधारतं.

२. लघवीची पट्टी पुरेशी का नाही?

रक्त टोचून काढण्यापेक्षा लघवीत पट्टी बुडवणं सोपं, हे कोणालाही सुचेल. निदानाला ती उपयोगी आहेच. रोजच्या डोससाठी मात्र नाही.

नळगंगा घ्या की ज्ञानगंगा, धरण काठोकाठ भरल्याशिवाय सांडव्यावरून पाणी पडत नाही. खाली नदीपात्रात उभं राहून पाहणाऱ्याला सांडवा कोरडा दिसतो. धरण अर्धं आहे, पाव आहे की तळ गाठलाय, हे तिथून कळत नाही. मूत्रपिंडाचंही तसंच आहे. रक्तातली साखर एका पातळीच्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. माणसात ही पातळी साधारण १८० असते, तर मांजरात ती बरीच उंच, सुमारे २५० ते २९० असते. (या प्रकरणातले आकडे आपल्या मशीनवर दिसतात तेच, म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर.)

म्हणजे लघवीच्या पट्टीवर साखर नाही असं आलं, तर रक्तातली साखर २०० असू शकते, १०० असू शकते, ४० सुद्धा असू शकते. २०० असेल तर काळजीचं कारण नाही. ४० असेल तर मांजर काही वेळात आडवं पडेल. इतका फरक जी तपासणी दाखवत नाही, तिच्या भरवशावर इन्सुलिन टोचू नये.

३. दवाखान्यातला आकडा का फसवतो?

निरोगी मांजराची साखर उपाशीपोटी साधारण ८० ते १२० च्या घरात असते. पण मांजर घाबरलं, की त्याच्या शरीरात सुटणारी संप्रेरकं यकृतातला साठा रक्तात ओततात, आणि आकडा पाहता पाहता चढतो. शुगर नसलेल्या मांजराचा आकडाही अशा वेळी ३०० च्या पुढे गेलेला दिसतो. आता आपल्या मांजराचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. पिशवीत कोंबून मोटरसायकलवर, मग एसटी, मग शेजारी भुंकणारा कुत्रा, टेबलावर अनोळखी हात. इतकं सोसल्यावर आलेला आकडा रोगाचा किती आणि भीतीचा किती, हे सांगता येत नाही.

म्हणून डॉक्टर एका आकड्यावर निदान करत नाहीत. लघवीत साखर आहे का, लक्षणं जुळतात का, हे पाहतात. शक्य असेल तिथे फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी करतात. माणसाचं 'तीन महिन्यांचं' एचबीएवनसी असतं, तशी ही साधारण गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखवते. एका दिवसाच्या घाबरण्याने ती फारशी हलत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिच विद्यापीठात क्लॉडिया रॉइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर बरंच काम केलं. मांजराच्या आणि कुत्र्याच्या कानातून थेंबभर रक्त काढून साध्या मशीनवर साखर मोजता येते, हे त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९९९ ते २००२ या काळातल्या २६ शुगरच्या मांजरांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. मालक स्वतःच्या घरी, दीर्घकाळ ही तपासणी करू शकतात, असं त्यातून दिसलं. त्याच गटाने घरचे आणि दवाखान्यातले आकडे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा काही वेळा डोसचा निर्णयच वेगळा झाला असता. घरी तपासणी करणारी ही सगळी माणसं पशुवैद्यक नव्हती, घरात मांजर पाळणारी होती, हे लक्षात ठेवा.

४. आईचं मशीन चालेल का?

माणसाच्या घरात हे मशीन आलं, त्यालाही अशाच एका हट्टी माणसाचा हात लागला. अमेरिकेतले अभियंते रिचर्ड बर्नस्टाइन लहानपणापासून मधुमेही होते. १९६९ मध्ये त्यांना थेंबभर रक्तातून साखर मोजणाऱ्या एका यंत्राची जाहिरात दिसली. यंत्र किलोपेक्षा जड होतं आणि ते फक्त डॉक्टरांना व दवाखान्यांना विकलं जाई. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून यंत्र त्यांच्या नावावर घेतलं गेलं. बर्नस्टाइन रोज अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले आणि पुढे शिकून स्वतःच डॉक्टर झाले. 'रुग्णाच्या हातात हे यंत्र कशाला?' असं तेव्हा वैद्यकातल्या पुष्कळांना वाटत होतं. आज मांजराच्या मालकाला तोच प्रश्न ऐकू येतो.

मशीनचं काम साधं आहे. पट्टीच्या टोकाला एक विकर म्हणजे एन्झाइम लावलेलं असतं. त्याची ग्लुकोजशी क्रिया होते, त्यातून अगदी बारीक वीजप्रवाह तयार होतो, आणि मशीन तो मोजून आकड्यात मांडतं. आता अडचण पाहा. माणसाच्या रक्तातलं सुमारे ५८ टक्के ग्लुकोज रक्तद्रवात असतं, ४२ टक्के तांबड्या पेशींत. मांजरात मात्र ९३ टक्के द्रवात आणि जेमतेम ७ टक्के पेशींत. माणसाचं मशीन माणसाचा हिशोब धरून आकडा काढतं, म्हणून मांजराच्या रक्तावर ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं.

ही चूक आपल्या फायद्याची की तोट्याची? माझ्या मते, माहीत असेल तर फायद्याची. मशीनवर ८० दिसलं तर खरा आकडा बहुधा ८० पेक्षा वर असतो. म्हणजे चूक सावधगिरीच्या बाजूला पडते. प्राण्यांसाठी वेगळी जुळवलेली मशीनं मिळतात आणि ती जास्त नेमकी असतात, पण त्यांच्या पट्ट्या महाग पडतात आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहज सापडत नाहीत. संपलेल्या पट्ट्यांचं भारी मशीन कपाटात पडून राहण्यापेक्षा, रोज वापरलं जाणारं माणसाचं मशीन बरं. अट एकच: एक मशीन धरलं की तेच ठेवायचं. आज आईचं, उद्या शेजारच्या काकांचं असं केलं, तर दोन आकड्यांतला फरक मांजराचा आहे की मशीनचा, हे कळणार नाही. आणि कोणत्या मशीनवरचा आकडा आहे, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

इथे विदर्भाच्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा, असं छापलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या पट्ट्यांचा भरवसा धरू नका. मशीनही एका तापमानापलीकडे आकड्याऐवजी चूक दाखवतं. घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली निवडा. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण बाहेर काढल्यावर त्यांना ओल धरते. डबीचं झाकण लगेच लावा.

इन्सुलिनचं उलटं आहे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्येच, दोन ते आठ अंशांत ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. लाइन तासन् तास जाते तिथे मातीचं भांडं मदतीला येतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली, आणि हे सगळं सावलीत वारा लागेल असं ठेवायचं. पाण्याचं बाष्प होताना आतली उष्णता निघून जाते. हे फ्रिज नव्हे, पण लाइन येईपर्यंत बाटलीला बाहेरच्या धगीपासून वाचवतं.

५. थेंब काढायचा कसा?

आता हाताचं काम. इथे घाई करणारा माणूस हरतो, आणि मांजर ते आयुष्यभर लक्षात ठेवतं.

पहिले चार-सहा दिवस टोचूच नका. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच सतरंजीवर मांजराला बसवा, कान चोळा, मशीनचा 'टिक' आवाज ऐकू द्या, आणि उकडलेल्या चिकनचा किंवा मासळीचा एक तुकडा द्या. बिस्किट नको, दूधही नको. ती जागा म्हणजे खाऊ, हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. वाटीचा आवाज आला की स्वतःहून सतरंजीवर येऊन बसणारी मांजरं असतात. अंगावर हात ठेवू न देणाऱ्यांना टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवावं लागतं. तेव्हा दुसरा माणूस लागतो, आणि त्याने दाबून धरण्यापेक्षा बोलत राहावं.

जागा कानाच्या बाहेरच्या कडेवर असते. कान उजेडासमोर धरला तर कडेला लागून जाणारी बारीक शीर दिसते. टोचायचं ते शिरेत नाही. शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या पट्टीत. तिथे केशवाहिन्यांचं जाळं असतं. शिरेतच सुई गेली तर रक्त भसकन येतं, कानावर निळं पडतं, आणि पुढच्या वेळी मांजर कान देत नाही.

थंड कानातून रक्त येत नाही, हे नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारं सत्य. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर नक्कीच येत नाही. पायमोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर जरा गरम करा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, मग कानाला मिनिटभर धरा. कान कोमट झाला की कडेवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. त्यामुळे थेंब केसांत पसरत नाही, गोल राहतो. स्पिरिट लावू नका: ते झोंबतं, वासाने मांजर बिथरतं आणि ओलं राहिलं तर आकडा बिघडतो. कान मळलेला असेल तर साध्या पाण्याने पुसून कोरडा करा. स्वतःचे हात मात्र साबणाने धुवा. बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस लागलेला असेल आणि तो कानाला लागला, तर मांजराची शुगर विनाकारण वर दिसेल.

मशीनमध्ये पट्टी आधीच घालून ठेवा. कानाच्या आतल्या बाजूला कापसाची छोटी घडी धरा, म्हणजे सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात शिरणार नाही. मग केसाळ बाजूने, एका ठाम टोचणीत. भीत भीत केलेली टोचणी जास्त दुखते आणि रक्तही देत नाही. पेनसारखं टोचण्याचं यंत्र चालतं, पण त्याच्या 'खट' आवाजाने काही मांजरं दचकतात. त्यांच्यासाठी सुई हातानेच चालवावी. सुरुवातीला जाड सुई घ्या. कान सरावला की तिथे केशवाहिन्या वाढतात आणि पुढे बारीक सुईलाही रक्त येऊ लागतं.

रक्त आलं नाही तर कानाच्या बुडापासून कडेकडे हलके चोळा. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. आजच्या बहुतेक पट्ट्यांना एक मायक्रोलीटरही लागत नाही. थेंबावर पट्टी दाबू नका, नुसतं टोक टेकवा, ती स्वतःच रक्त ओढून घेते. मग कापसाने दहा-वीस सेकंद दाबून धरा. हे विसरलात तर कानावर डाग पडतो. एका बैठकीत दोन-तीन प्रयत्नांपलीकडे जाऊ नका, आणि थेंब मिळो न मिळो, खाऊ द्यायचाच.

कान अजिबात देत नसेल तर पंजाच्या गादीवरून रक्त घेता येतं, पण तिथे दुखतं जास्त आणि मांजर त्याच पायाने मातीत फिरणार असतं. मी ती शेवटची वाट समजतो. वापरलेल्या सुया आणि सिरिंज जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून ठेवा. उकिरड्यावर टाकलेली सुई एखाद्या लेकराच्या पायात जाते.

६. आकडे वाचायचे कसे?

एकटा आकडा फार थोडं सांगतो. समजा, एका बोक्याला सकाळी ७ वाजता खाणं आणि इन्सुलिन दिलं आणि दर दोन तासांनी शुगर पाहिली: ७ वाजता ३४०, ९ वाजता २७०, ११ वाजता १८०, १ वाजता १२०, ३ वाजता १६५, ५ वाजता २४०, संध्याकाळी ७ वाजता ३३०. यातला महत्त्वाचा आकडा १२० आहे. तो दिवसाचा तळ. डोस पुरेसा आहे की जास्त, हे तळावरून ठरतं. इथे तळ चांगला आहे. फक्त औषधाचा असर बारा तास पुरता टिकत नाही. डोस वाढवायचा नाही, इन्सुलिनच्या प्रकाराचा विचार डॉक्टर करतील.

दुसरा बोका घ्या. सकाळी ७ वाजता ३४०, म्हणजे पहिल्यासारखाच. पण ११ वाजता ९० आणि १ वाजता ४५. संध्याकाळी पुन्हा ३५०. ज्याने फक्त सकाळ-संध्याकाळचे आकडे पाहिले, त्याला दिसलं ३४० आणि ३५०. तो डॉक्टरांना फोन करून सांगेल, "शुगर उतरतच नाही." डोस वाढेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मांजर कोसळेल. या बोक्याचा डोस खरं तर कमी करायला हवा होता.

तिसरं उदाहरण सगळ्यात छोटं. संध्याकाळचं इन्सुलिन द्यायची वेळ झाली आणि मशीन १३० दाखवतंय. काय करायचं? इन्सुलिन द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. नवख्या घरांसाठी पुष्कळ पशुवैद्य २०० ची रेघ आखतात: त्याखाली आकडा असेल तर आधी विचारा. तुमच्या मांजराची रेघ कोणती, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्या. मांजर खात नसेल तरी आधी फोन, मग सुई.

रोज वेगळा आकडा येतो म्हणून रोज डोस हलवू नका. शरीराला नव्या डोसशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात, आणि दोन दिवसांची शुगर निरोगी प्राण्यातही सारखी नसते.

७. लाल टोपी, केशरी टोपी

मशीन शिकून घेतलेल्या घरांतही सिरिंजची चूक होते. आपल्या मेडिकलमध्ये दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. एकात मिलिलीटरला ४० युनिट असतात, त्याची सिरिंज लाल टोपीची. दुसऱ्यात १०० युनिट, त्याची सिरिंज केशरी टोपीची. मांजरांसाठी बऱ्याचदा वापरलं जाणारं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० चं असतं.

समजा डॉक्टरांनी १ युनिट सांगितलं आणि १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने '१' च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. लाल सिरिंजची एक रेघ म्हणजे मिलिलीटरचा चाळिसावा भाग. १०० ला ४० ने भागा: अडीच. एकाऐवजी अडीच युनिट गेले. चार किलोच्या मांजरासाठी हा फरक जीवघेणा ठरू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे, हे दर वेळी वाचून पाहा. दुकानदाराने 'हीच चालते' म्हटलं तरी.

८. शुगर उतरली तर

मांजर लडखडतं, थरथरतं, टक लावून बघत राहतं, कधी झटके येतात. माणसाच्या मशीनवर आकडा ५० च्या खाली, किंवा प्राण्यांच्या मशीनवर ६५-७० च्या खाली गेला, तर लक्षणांची वाट पाहू नका. खात असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध, साखरेचा पाक किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पातळ काही ओतू नका. ते फुप्फुसात जातं. आकडा वर आला तरी तासाभराने पुन्हा खाली येऊ शकतो, म्हणून मोजत राहा आणि डॉक्टरांना कळवा. मशीन हाताशी नसेल आणि शंका असेल, तर साखर द्या. चुकून वाढलेली साखर उद्या उतरवता येते.

उलट्या, खाणं पूर्ण बंद, मरगळ, आणि आकडा खूप वर असेल, तर घरी मोजत बसू नका. रक्तात कीटोन नावाची द्रव्यं साचली असतील तर ते तातडीचं काम आहे, सलाइनशिवाय सुटत नाही.

९. सुटका होते का?

होते, आणि घरी शुगर पाहण्याचं सगळ्यात मोठं बक्षीस हेच. कर्स्टिन रूम्प आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या जॅकी रँड यांनी २००९ मध्ये ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना ग्लार्जिन दिलं जात होतं, मालक घरी वारंवार शुगर पाहत होते, खाण्यात पिष्ट कमी होतं. यातल्या ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत असे कडक उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा सुरू झालेल्यांत ३५ टक्के. त्यामुळे मांजर जास्त पाणी पितंय असं वाटलं की 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नये.

दूधपोळी बंद करून मांस, अंडं, मासळी यांवर आणताना मात्र आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन तेवढंच ठेवून पिष्ट एकदम काढलं तर शुगर धाडकन उतरते. नुसतं पांढरं चिकन महिनोन्महिने घालणंही योग्य नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच लागतं, आणि ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे बिघडतात.

कातडीला चिकटवायचे चौदा दिवसांचे सेन्सर आता मांजरांनाही लावले जातात आणि टोचण्या वाचतात. पण मांजर ते ओढून काढतं, आणि खाली जाणारा आकडा दिसला की कानाचा थेंब घेऊन खात्री करावीच लागते. हात सरावलेला असलेला बरा.

अकोल्याला किंवा आणखी कुठे तपासणीला जाल, तेव्हा मांजराबरोबर दोन वस्तू न्या. एक म्हणजे वही: तारीख, वेळ, काय खाल्लं, किती युनिट, आकडा. दुसरी म्हणजे घरचं मशीन. तिथे प्रयोगशाळेसाठी रक्त काढतील तेव्हा त्याच रक्ताचा एक थेंब आपल्या पट्टीवर मागून घ्या आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहा. तुमचं मशीन तुमच्या मांजराच्या बाबतीत किती कमी दाखवतं, ते त्याच दिवशी कळेल.